मूळ कागदाला पेन लावू नये

दादा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या अंगातली नोकरी काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. एका मोठ्या विमा कंपनीच्या रेकॉर्ड रूमचा तो प्रमुख होता. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली एक लांबट खोली, दोन्ही अंगांना लोखंडी कपाटं आणि मधल्या बोळात एक टेबल. त्या टेबलाशी बसून दादाने उभं आयुष्य लोकांना कागद न देण्यात घालवलं. कोर्टात एखादा दावा लागला की कंपनीचे वकील मूळ कागद मागायला खाली येत, आणि दादा त्यांना आधी हात धुऊन यायला सांगे. दारावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती: 'मूळ कागदाला पेन लावू नये'. या एका वाक्याभोवती त्याने अख्खी नियमावली लिहिली होती. कंपनी ती अजून नव्या लोकांना वाचायला देई आणि वर्षातून एकदा दादाला व्याख्यानाला बोलावी. त्यासाठी तो आठवडाभर आधीच कोट काढून दिवाणखान्यातल्या खुर्चीवर टांगून ठेवी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कोट का टांगलाय ते विचारावंच लागे.

त्याच्या धाकट्या बहिणीने ते कधी विचारलं नाही. साठीला टेकली तरी घरात तिला बेबीच म्हणत. ती कपडे दुरुस्त करून द्यायची. पँट आखूड कर, चेन बदल, जळलेल्या कोटाला रफू कर, असली कामं. आईच्या घराच्या पुढच्या खोलीत तिची दोन मशिनं होती, मागे स्वयंपाकघर आणि वर झोपायची खोली. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं की ती तोंडात टाचण्या धरी, म्हणजे उत्तर द्यायला नको. आईचं शेवटचं दुखणं तिनेच काढलं. दादा दर रविवारी येई, आईच्या उशाशी बसे आणि तिच्या रक्ताचे रिपोर्ट तारखेवार लावी. आईला पाणी हवं झालं तर तो बेबीला हाक मारी. तेवढ्या रविवारांत आईची कूस बदलायला त्याने एकदाही हात लावला नाही, पण रिपोर्टांची फाईल मात्र दृष्ट लागावी अशी होती.

आईने जायच्या आधी मृत्युपत्र केलं. घर बेबीला, आणि बाकी जे काही किडूकमिडूक होतं ते दादा आणि मधल्या भावाचा मुलगा यांच्यात निम्मंनिम्मं. मधला भाऊ आधीच गेलेला होता. साधा टाईप केलेला कागद, सहीला आईचं जुनं शाईचं पेन आणि साक्षीला शेजारचं म्हातारं जोडपं. बेबी म्हणाली, हे कचेरीत जाऊन रीतसर नोंदवून घेऊ. दादाने कानाला हात लावले. तिथले लोक मूळ कागदाला स्टेपलर मारतात, म्हणाला, थुंकी लावून पान उलटतात. बरं, निदान झेरॉक्स तरी काढून ठेवू म्हटलं, तर त्या मशिनच्या उजेडाने शाई उडते म्हणाला. मूळ कागद खुद्द माझ्या ताब्यात असताना नक्कल हवी कशाला, असं विचारून त्याने तो कागद पातळ कागदात गुंडाळला आणि बगलेत धरून घरी नेला. आई कौतुकाने बघत राहिली. दादा नोकरीला लागला त्या दिवसापासून तिला त्याचं सगळंच कौतुक होतं.

आई गेली. साक्षीला असलेलं जोडपंही पाठोपाठ गेलं. मग पुतण्या उगवला.

पुतण्याला धंदा कुठलाच नव्हता, पण व्हिजिटिंग कार्डं भरपूर होती आणि प्रत्येक कार्डावर निराळा धंदा होता. आजीचं मृत्युपत्र आपल्याला मान्य नाही, घराचे तीन सारखे हिस्से व्हावेत, असा दावा त्याने लावला. घर विकत घ्यायला कोणी तरी तयारच होतं. तो बेबीकडे येऊन गोड आवाजात म्हणालाही, की आत्या, मनाला लावून घेऊ नकोस, तुलापण तुझा वाटा मिळेलच की. त्या वाट्यात बेबीला फार तर जिना आला असता. मशिनं घेऊन ती कुठे जाणार, याचा विचार पुतण्याने केला नव्हता. करायचं कारणही नव्हतं, तो कधी आयुष्यात एका जागी बसलाच नव्हता.

कोर्टाने मूळ कागद मागवला. दादाने तो स्वतः नेऊन दिला, आणि घेणाऱ्या कारकुनाला हात धुवायला सांगितलं. कारकुनाने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कोणी असता तर मान खाली घालून बाहेर पडला असता. दादा पोच घेऊन ताठ मानेने बाहेर आला.

पुतण्याच्या बाजूने अक्षरतज्ज्ञ नेमायची मागणी झाली. तज्ज्ञाचा अहवाल आला आणि बेबीच्या वकीलबाईंनी तिला बोलावून घेतलं. टेबलावर आईच्या सहीचा मोठा करून काढलेला फोटो होता. खाली एक फिकट, मातकट रेघ, आणि तिच्यावर तंतोतंत दुसरी, काळी, ठसठशीत. सही गिरवलेली होती, आणि वरची शाई बरीच नंतरची होती. वकीलबाईंनी सरळच सांगितलं की खालची रेघ वरच्या शाईने झाकली गेल्यामुळे ती आईची की आणखी कोणाची हे तज्ज्ञाला सांगता येत नाही. पुतण्याचे वकील म्हणणार की सही बनावट आहे, आणि बनवणारी ज्या बाईला घर मिळालं तीच. "कोणी गिरवली आणि का, हे कोणीतरी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "नाहीतर घर गेलं असंच धरून चाला."

बेबीला फोटो बघताच कळलं होतं. पुसट झालेली गोष्ट तशीच राहू देणं दादाच्या रक्तातच नव्हतं. लहानपणी तो तिच्या वहीतली पेन्सिलीची बेरीज शाईने गिरवून ठेवी, मग बेरीज चुकली तरी चूक पक्की होई. पुढे त्याने टपालपेटीवरचं नाव गिरवलं, इस्त्रीच्या मुठीवरचे आकडे गिरवले, आईच्या औषधाच्या बाटलीवरच्या खुणा गिरवल्या. जगाला पाटी लावून सांगणारा हा माणूस घरात पेन उघडंच ठेवून हिंडत असे. त्याने आईची सही गिरवली यात काही नवल नव्हतं. नवल एवढंच, की एवढ्या अकलेच्या माणसाला एका कंपनीने इतकी वर्षं पगार दिला.

त्याच दुपारी ती दादाच्या घरी गेली. वहिनीने चहा ठेवला, तो निवून गेला तरी बेबीने उचलला नाही. मनात साठलेलं सगळं तिने त्या दिवशी ओकून टाकलं. रविवार काढले, रिपोर्टांची फाईल काढली, नोंदणी होऊ दिली नाहीस ते काढलं, झेरॉक्स काढू दिली नाहीस ते काढलं. लोकांना शहाणपण शिकवायचं आणि आपण आईच्या सहीवर पेन चालवायचं, कंपनीतल्या पोरांना हे कळलं तर तुझा तो कोट तुझ्याच तोंडावर फेकतील, असंही म्हणाली. आता कोर्टात गप्प बसलास तर आईच्या घरातून मला तूच बाहेर काढलंस असं मी समजेन, हेही सांगून झालं. दादा किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करत ऐकत होता. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"मी? मूळ कागदाला पेन लावीन मी?" तो शेवटी म्हणाला.

"तू काहीही करशील," बेबी म्हणाली. "फक्त माणसाला हात लावणार नाहीस."

ती उठलीच. दादा मागून काहीतरी बोलला, पण तोवर ती जिना उतरत होती. आपण बोललो ते शब्द न् शब्द खरे होते आणि चांगलेही जमले होते, असं तिला रस्ताभर वाटत राहिलं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

मग तिने डोकं लढवलं. दादा कानावर हात ठेवणार हे उघड होतं. पैशाचा मोह त्याला नव्हता. मृत्युपत्र रद्द झालं तर त्याला तिसरा हिस्सा मिळणार होता, पण ते त्याच्या ध्यानातही आलं नसावं, तेवढी बुद्धी त्याला कोणी दिली नव्हती. त्याला भीती होती त्या पाटीची. पाटीवर लिहिलेलं आपणच मोडलं, हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा त्याने बहिणीला रस्त्यावर आणलं असतं. पण दादाला त्या पाटीपेक्षाही प्यारी अशी एक गोष्ट होती, आणि ती बेबीला लहानपणापासून ठाऊक होती. ती म्हणजे त्याचा हात. त्याचं अक्षर, त्याची रेघ. त्याच्या नियमाला कोणी हसलं तर तो चिडे, पण रेघेला हसलं तर तो जेवत नसे.

ती वकीलबाईंकडे गेली आणि म्हणाली, "गिरवलं का, असं त्याला विचारूच नका. गिरवणाऱ्याने काम घाणेरडं केलंय, एवढंच म्हणा."

वकीलबाईंनी फोटो पुन्हा पाहिला. काम अजिबात घाणेरडं नव्हतं. कुठे थरथर नाही, कुठे वरची रेघ खालच्या रेघेबाहेर गेलेली नाही. इतकं सुबक होतं म्हणूनच तर ते मुरलेल्या भामट्याचं वाटत होतं.

"शेवटच्या वळणावर पेन घसरलंय म्हणा," बेबी म्हणाली.

"पण घसरलेलं नाहीये."

"म्हणून तर म्हणायचं."

साक्षीच्या दिवशी दादा तो व्याख्यानाचा कोट घालून आला. कोर्टाची खोली लहान होती, खिडक्या उंचावर होत्या आणि टंकलेखिकेच्या बोटांखेरीज कसलाच आवाज नव्हता. पुतण्या मागच्या बाकावर मोबाईल चाळत बसला होता. वकीलबाईंनी दादाला आधी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. नोकरी किती वर्षं, हाताखाली माणसं किती, नियमावली कोणी लिहिली. दादा एकेका उत्तराला एकेक फांदी वर चढत गेला. कागद ताब्यात कोणाच्या होता? माझ्या. दुसऱ्या कोणी हाताळला? कोणाची छाती नाही. न्यायाधीशांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

मग वकीलबाईंनी फोटो त्याच्या हातात दिला. आपण या विषयातले जाणकार आहात, म्हणून आपलं मत हवंय, असं म्हणाल्या. ही सही ज्याने कोणी गिरवली आहे त्याला नाजूक कामाची सवय दिसत नाही. हात अडाणी आहे. शेवटच्या वळणावर तर पेन सरळ घसरलेलंच दिसतंय. आपल्याला काय वाटतं?

पुतण्याच्या वकिलांनी हरकत घेतली नाही. सही कोणीतरी अडाणी हाताने बनवली, असं समोरचीच वकील म्हणत असेल तर त्यांना हवंच होतं. ते हसून मागे टेकून बसले.

दादाने चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला, खिडकीच्या उजेडाकडे वळवला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होताना बेबीला बाकावरून दिसल्या.

"कुठे घसरलंय?" तो म्हणाला.

"शेवटच्या वळणावर. रेघ तुटली आहे तिथे."

"ती तुटलेली नाही. बघायला डोळे लागतात." दादाने फोटोवर नख ठेवलं. "आईने तिथे हात उचलला होता. तिला धाप लागली होती. म्हणून मीपण तिथे उचलला."

टंकलेखिकेची बोटं थांबली. आपण काय बोललो ते दादाला सगळ्यांच्या शेवटी कळलं. त्याने चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि पिंजऱ्याची कड धरली. आज पहिल्यांदाच तो म्हातारा दिसला. न्यायाधीशांनी विचारलं, ही सही तुम्ही गिरवली का?

"सही चालली होती साहेब," तो म्हणाला. "दर वेळी कागद उघडावा तर आधीपेक्षा फिकी. शेवटी शेवटी तिरपा धरल्याशिवाय दिसेना. हो, मीच गिरवली. जशी होती तशी. केसभर इकडेतिकडे नाही."

पुतण्याच्या वकिलांचं हसू कधीच मावळलं होतं. ते उठले आणि मिळेल तिथे दात लावायचा म्हणून त्यांनी विचारलं, की मग कंपनीतल्या सह्याही अशाच गिरवल्या असतील. दादाने त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"तिथे कशाला? तिथली सही पुसट झाली तर झाली. ती काय माझ्या आईची होती?"

यावर मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बेबीही हसली असावी. आपला डाव असा अचूक लागलेला पाहून हसू येतंच.

निकाल बेबीच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की मृत्युपत्र रद्द झाल्यास ज्याला तिसरा हिस्सा मिळाला असता, त्यानेच स्वतःची मान खाली जाईल अशी कबुली दिली आहे. अशी कबुली सहसा कोणी खोटी देत नाही. पुतण्या कोर्टाच्या पायऱ्यांवर आत्याच्या पाया पडला आणि एक नवं कार्ड देऊन गेला.

कंपनीला मात्र दादाच्या साक्षीचा पुढचा भाग पटला नाही. ज्याने आईच्या मृत्युपत्राला सोडलं नाही, तो परक्यांच्या कागदांना सोडेल, यावर कोण विश्वास ठेवणार? भिंगं घेतलेली माणसं तळघरात उतरली आणि कपाटामागून कपाट तपासत सुटली. त्यांना एकही गिरवलेली सही सापडली नाही, पण तपासावं लागलं हेच पुरे झालं. नियमावली मागे घेतली, व्याख्यान बंद केलं, पाटी उतरवली. पाटीच्या जागी दुसऱ्या कोणी तेच वाक्य छापील अक्षरांत लावलं. हे सगळं वहिनीने फोनवर सांगितलं. बेबीने ऐकून घेतलं. करावं तसं भरावं, असं तिच्या जिभेवर आलं होतं, पण घर तिला मिळालं होतं, म्हणून तिने ते गिळलं.

पुढे एका सकाळी दादा बेबीच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आला. कोट नव्हता. हातात भिंग होतं आणि वकीलबाईंकडून मागून आणलेली त्या फोटोची प्रत. गिऱ्हाइकासारखा तो काउंटरच्या अलीकडेच उभा राहिला. घराबद्दल काही बोलला नाही, कंपनीबद्दल चकार शब्द काढला नाही. फोटो त्याने काउंटरवरून हात लांबवून मशिनच्या पाटावर ठेवला.

"रोज बघतोय," तो म्हणाला. "मला काही सापडत नाही. तुझे डोळे बारीक कामाचे आहेत. पेन कुठे घसरलंय, तेवढं दाखव."

बेबीला वाटलं, ही एक कमाल आहे. नाव गेलं, पाटी गेली, आणि हा रेघ शोधतोय. असल्या माणसाला काय म्हणावं? ती म्हणू शकली असती की असेल कुठेतरी, वकील लोक काय वाटेल ते बोलतात. पण तिने भिंग हातात घेतलं, वळणावर धरलं, आणि रफू करणाऱ्या बाईला जे दिसतं ते तिला दिसलं. धाप लागून थांबलेला आईचा हात तिथे जसाच्या तसा होता.

"कुठेच नाही घसरलं," ती म्हणाली.

दादाचा चेहरा उजळला. इतका, की बेबीला बघवेना. वर्गात पहिला आल्यावर तो आईकडे असा बघायचा. मग हळूहळू ते तेज ओसरलं.

"मग बाई तसं का म्हणाल्या?"

"मी सांगितलं होतं म्हणून."

"मी बोलावं म्हणून?"

"हो."

दादाने फोटो पाकिटात घातला. कोपरे दुमडणार नाहीत असा, सावकाश.

"तू मला विचारायचंस, बेबी."

"विचारलं होतं की. घरी आले होते ना तुझ्या."

"नाही," दादा म्हणाला. "त्या दिवशी तू मला बोललीस. विचारलं नाहीस."

तो गेला. बेबीने मशिनवर कापड घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. त्या दुपारचा आपला प्रत्येक शब्द तिला पाठ होता, इतका तो तेव्हा जमून आला होता. तिने सगळं पहिल्यापासून आठवून पाहिलं: रविवार, फाईल, झेरॉक्स, कोट. दादा, एवढं माझ्यासाठी करशील का, असं त्यात कुठेच नव्हतं. विचारलं असतं तरी तो नाहीच म्हणाला असता, असं तिने स्वतःला ठासून सांगितलं. दादाला ती काही आज ओळखत नव्हती. पण अख्खा दिवस गेला तरी तिचं ते तिलाच पटेना, आणि दादाला फोन करून विचारायचाही तिला धीर झाला नाही.